मोठ्या ताऱ्यांची कच्ची मापं

मे महिन्यात सोलापुरात रात्री दहा वाजता गच्चीच्या स्लॅबवर वीतभर उंच हात धरला, तरी आच लागते. ती आच म्हणजे बऱ्याच अंशी अवरक्त किरण. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी रंगपट्ट्याच्या तांबड्या टोकापलीकडे तापमापी ठेवली आणि हे किरण हाती लागले. पुढे या किरणांत ताऱ्यांचं तेज मोजायला निघालेल्यांची डोकेदुखीही तीच: दुर्बीण, घुमट, हवा सगळं कोमट, म्हणजे सगळंच १० मायक्रॉन तरंगलांबीच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास उजळलेलं. आपल्या तापल्या स्लॅबवर बसून समोरच्या गच्चीवरच्या उदबत्तीची धग मोजायची, असा हा कारभार.

म्हणून नॉयगेबाउअर आणि लेटन या शास्त्रज्ञांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेली अवरक्त ताऱ्यांची पहिली मोठी यादी २.२ मायक्रॉनवरची होती, जिथे ही आच कमी. तारे साडेपाच हजारांच्या वर. लांब तरंगांसाठी अवकाशातच जावं लागलं. १९८३ च्या आयरॅस उपग्रहाची दुर्बीण द्रव हेलियमने थंड केलेली होती. माप जुळवायला त्याने अभिजित तारा पाहिला, कारण ताऱ्यांच्या प्रतीचा (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) शून्य त्याच्यावरूनच धरलेला. तर ६० आणि १०० मायक्रॉनला अभिजित अपेक्षेपेक्षा कितीतरी तेजस्वी! त्याच्याभोवती धुळीचं कडं निघालं. शोध मोठाच, पण मापातच खोट निघाली.

टू-मास या जमिनीवरून केलेल्या अवरक्त आकाश-सर्वेक्षणाची (१९९७ ते २००१) अडचण उलटी होती. ॲरिझोना आणि चिलीतल्या १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनी सुमारे ४७ कोटी बिंदुस्रोत नोंदले. मंद तारे दिसावेत म्हणून प्रत्येक जागेची १.३ सेकंदांची सहा चित्रं, आणि तेजस्वी ताऱ्यांसाठी ५१ मिलिसेकंदांचं वेगळं वाचन. पण ज्येष्ठा, रोहिणी, काक्षी (बेटेलज्यूज) हे तांबूस राक्षसी तारे अवरक्तात इतके प्रखर, की तेवढ्यातही पिक्सेल भरून सांडतात. मग मधला भाग सोडून कडेच्या उजेडावरून अंदाज बांधला जातो. चूक ०.२ प्रतीच्या घरात, म्हणजे २० टक्के! त्यांच्याहून काही लाख पटींनी मंद, दहाव्या प्रतीचा कुणी अनाम तारा मात्र दोन-तीन टक्क्यांत मोजलेला. यादीत प्रत्येक आकड्याशेजारी ए, बी, सी, डी असा दर्जा दिलेला असतो. तो न बघता आकडा उचलणारे अजूनही भेटतात. दाते पंचांग ज्या गावातून निघतं, तिथल्या माणसाला नक्षत्रांच्या ताऱ्यांची ही गत जरा लागतेच.

डिसेंबर २००९ मध्ये गेलेला वाइज उपग्रह तर आणखी हळवा: ३.४ मायक्रॉनला आठव्या प्रतीच्या ताऱ्यानेच त्याचे पिक्सेल भरत. २०१० मध्ये गोठवलेला हायड्रोजन संपला आणि त्याचे १२ व २२ मायक्रॉनचे पट्टेही गेले.

ज्येष्ठा किंवा काक्षीसाठी जाणकार म्हणूनच मागे वळतात: हॅरोल्ड जॉन्सन यांच्या १९६० च्या दशकातल्या, एकेक तारा धरून केलेल्या मोजण्यांकडे, नाहीतर १९८९ च्या कोबे उपग्रहावरच्या डर्बी उपकरणाकडे. त्याची नजर इतकी भोंगळ, की एका वेळी चंद्रबिंबापेक्षा मोठा तुकडा दिसे. पण काक्षीने ते दिपत नसे.