कलम ४९८-अ: गाजले अटकेवर, अडले पुराव्यावर

१९८३ मध्ये ४९८-अ येईपर्यंत भारतीय दंड संहितेत सासरच्या छळासाठी वेगळे कलमच नव्हते. मारहाण झाली तर दुखापतीची कलमे ३२३, ३२४, ३२५ लागत. त्यातले ३२३ अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. त्यामुळे ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करायची आणि बाईला परत त्याच घरी पाठवायचे, असा बहुतेक प्रकरणांचा शेवट होई. अंगावर जखम नसेल तर तेवढेही नाही. उपाशी ठेवणे, कोंडणे, पैशासाठी रोजचे टोमणे हे कोणत्याच कलमात बसत नव्हते. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा होता, पण त्यात हुंडा घेणाऱ्याबरोबर देणाराही गुन्हेगार, गुन्हा अदखलपात्र, आणि तक्रार वर्षाच्या आत करायची. माहेरच्यांनी स्वतःवर गुन्हा ओढवून घ्यावा, अशी अपेक्षा कायद्याने का ठेवली, हे कोडेच आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुनांच्या जळून मरण्याच्या घटनांवर महिला संघटना रस्त्यावर आल्या. महाराष्ट्रात १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा विषाने झालेला मृत्यू गाजला. त्या खटल्यात (शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य) खालच्या न्यायालयाने दिलेली आणि उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८४ मध्ये रद्द करून आरोपीला निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कुठेही तुटता कामा नये, याच्या त्या निकालातल्या पाच कसोट्या आजही अशा पुराव्यावरच्या खुनाच्या खटल्यांत वाचल्या जातात. बंद दाराआड घडलेल्या मृत्यूत या कसोट्या पार करणे किती अवघड, हेही त्याच निकालाने दाखवले.

संसदेने तोवर पाऊल उचलले होते. २५ डिसेंबर १९८३ पासून ४९८-अ लागू झाले: पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूरता, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. क्रूरतेच्या व्याख्येचे दोन भाग आहेत. पहिल्यात स्त्रीला आत्महत्येकडे ढकलेल किंवा तिच्या जिवाला, शरीराला, शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर धोका पोचवेल असे जाणूनबुजून केलेले वर्तन येते. दुसऱ्यात बेकायदा मागणीसाठी केलेला छळ. यातला नेमका कोणता भाग लावायचा हे दोषारोपपत्रात स्पष्ट नसेल, तर खटला तिथूनच भरकटतो. घरातले प्रत्येक भांडण म्हणजे क्रूरता नव्हे, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितले होते.

याच दुरुस्तीने पुरावा कायद्यात ११३-अ आणले. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली आणि छळ सिद्ध झाला, तर पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी तिला प्रवृत्त केल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब (किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप) आणि त्यासोबत ११३-ब आले. तिथे न्यायालयाला पर्याय नाही. अटी पूर्ण झाल्या की गृहीत धरावेच लागते. मात्र मृत्यूच्या ‘काही काळ आधी’ हुंड्यासाठी छळ झाल्याचे सरकार पक्षाला आधी सिद्ध करावे लागते. हा काळ म्हणजे अगदी आदला दिवस नव्हे, पण छळ आणि मृत्यू यांच्यात जिवंत दुवा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

नंतरची सगळी गाजावाजाची भांडणे झाली ती अटकेवरून. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, पण गैरवापराबद्दल कडक शब्द वापरले. २ जुलै २०१४ च्या अर्णेश कुमार निकालाने थेट अटकेला लगाम घातला: सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची कारणे लेखी नोंदवायची, नाही तर गुन्हा नोंदल्यापासून दोन आठवड्यांत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१-अ ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची, नोटीस द्यायची, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी कारणे न तपासता कोठडी द्यायची नाही. २०१७ मध्ये प्रत्येक तक्रार अटकेआधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या समित्या काढून टाकल्या. जुलै २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन महिन्यांच्या ‘कूलिंग’ मुदतीच्या (तोवर अटक नाही, प्रकरण समितीकडे) सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, आणि समित्या पुन्हा चर्चेत आल्या.

या चाळीस वर्षांत व्याख्येचा एक शब्दही बदलला नाही. आणि खटले पडतात ते त्या व्याख्येत बसणाऱ्या पुराव्यापाशी, अटकेपाशी नव्हे.

पहिली चूक फिर्यादीतच होते. ‘सर्वांनी संगनमताने शारीरिक व मानसिक छळ केला’ हे ठरावीक वाक्य सासू, दीर, परगावच्या नणंदेपर्यंत सगळ्यांना लावले जाते. अशा मोघम आरोपांवर नातेवाइकांविरुद्धचे गुन्हे उच्च न्यायालये रद्द करतात आणि मग नवऱ्याविरुद्धचा खटलाही कमकुवत दिसू लागतो. प्रत्येक प्रसंगाचा सुमारे दिनांक, जागा, कोण काय म्हणाले, किती रक्कम मागितली, त्यानंतर पहिल्यांदा कोणाला सांगितले, एवढे आले तरच जबाबाला वजन येते. जबाबात नसलेली गोष्ट साक्षीत प्रथमच आली की उलटतपासात ती ओमिशन म्हणून नोंदली जाते, आणि महत्त्वाची ओमिशन खटला बुडवू शकते. दवाखान्यात ‘पडल्यामुळे जखम’ असे सांगितलेले केसपेपर तर आरोपीचाच पुरावा होतात. मोबाइलवरच्या संदेशांच्या प्रती दिल्या आणि मूळ फोन हजर केला नाही, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावेच लागते. जालन्यातल्या निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पक्के केले. दागिन्यांसाठी पावत्या, लग्नातले फोटो आणि जप्ती पंचनामा हवा. स्त्रीधन अडवणे हा स्वतंत्र विश्वासघाताचा गुन्हा आहे, हे १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून स्पष्ट आहे.

दुसरी अडचण तडजोडीची. ४९८-अ आपसात मिटवता येत नाही. दोघांचे जमले किंवा संमतीने घटस्फोट ठरला तरी न्यायदंडाधिकारी खटला बंद करू शकत नाहीत. त्यासाठी २००३ च्या बी. एस. जोशी निकालाचा आधार घेऊन खटला रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते. तो खर्च टाळण्यासाठी अनेकदा फिर्यादीच साक्षीत ‘आता तक्रार नाही’ म्हणते आणि निर्दोष सुटका होते. आकडेवारीत ती खोट्या तक्रारीसारखी दिसते, प्रत्यक्षात ती अनेकदा तडजोडीत मिळणाऱ्या पोटगीची किंमत असते.

तिसरी अडचण हद्दीची होती. माहेरी परतलेल्या बाईला सासरच्या गावी खेटे घालावे लागत. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी प्रकरणात ती जिथे आसरा घेते तिथेही गुन्हा चालवण्यास मान्यता दिली.

शिक्षेपेक्षा छप्पर आणि खर्च हवा असणाऱ्या स्त्रियांसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून आला. कलम १२ चा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच जातो, पण संरक्षण, निवास, पोटगी हे त्यातले दिलासे दिवाणी स्वरूपाचे आहेत. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. तारखा मात्र त्याच्या पुढे जातात, म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागणे शहाणपणाचे. संरक्षण आदेश मोडला तर मात्र फौजदारी गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तो आदेश मोडल्याचे एकट्या पीडितेच्या साक्षीवरही ठरवता येते, जी सवलत ४९८-अ मध्ये लिहिलेली नाही.

१ जुलै २०२४ पासून ४९८-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली, हुंडाबळी कलम ८० मध्ये गेले, अटकेआधीची नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये. छळ त्या तारखेआधीचा असेल तर कलम जुनेच लागते, फिर्याद नंतर नोंदली तरीही. छळ दोन्ही बाजूंना पसरलेला असेल तर ४९८-अ आणि ८५ दोन्ही लावावी लागतात, आणि कोणता प्रसंग कुठल्या तारखेचा हे फिर्यादीत नसेल तर आरोप निश्चितीच्या वेळीच वाद उभा राहतो.