गाडी घरीच आडवी झाली तर?
(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी)

पावसाळ्यात अंगणातली माती भुसभुशीत होते, साईड स्टँड हळूहळू रुततो आणि रात्री कधीतरी धाडकन आवाज येतो. कधी पडवीतून गाडी काढताना तोल जातो, कधी पोरं सीटवर चढतात. रस्त्यावर पडून येणाऱ्या गाड्यांइतक्याच अशा दारात पडलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. पडण्याने झालेलं नुकसान बहुतेक वेळा आरसा, लिव्हर, इंडिकेटर एवढंच असतं. मोठा खर्च होतो तो पडल्यानंतरच्या घाईमुळे.

आधी चावी बंद करा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोलचा कॉक असेल तर तोही बंद करा. जमिनीवर पेट्रोल सांडलं असेल तर त्यावर माती किंवा वाळू टाका. पडवीला लागूनच न्हाणीची चूल पेटलेली असते, तिकडे नजर जाऊ द्या. काडी, विडी, लाईटचं बटण, काहीच नको.

आता उचलणं. स्प्लेंडरचं वजन 112 किलोच्या आसपास, क्लासिक 350 चं 195. कंबरेतून वाकून हँडल ओढू नका, कंबर धरेल. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढा आणि गाडी गिअरमध्ये टाका. डावीकडे पडली असेल तर स्टँड गाडीखाली असतो. मग पलीकडे कुणालातरी उभं करा, नाहीतर उचलण्याच्या जोरात ती दुसऱ्या अंगावर जाते. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवा. एका हाताने खालची मूठ धरा, दुसऱ्याने मागचं कॅरिअर. हात सरळ ठेवून, पायांच्या जोरावर, बारीक पावलं टाकत मागे सरका. बुलेटसुद्धा एकट्याला उचलता येते, पण शेजारी हाक मारण्याच्या अंतरावर असतील तर हाक मारा.

गाडी उभी झाली की पहिला हात सेल्फच्या बटणाकडे जातो. तो आवरा. गाडी आडवी असताना इंजिनातलं ऑईल श्वासनळीतून (इंजिनाच्या ब्रीदर पाईपातून) एअर फिल्टरमध्ये चढतं, आणि रात्रभर पडून राहिली तर सिलिंडरमध्येही उतरू शकतं. हवा दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. अशा वेळी सेल्फचा जोर बसला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून गाडी पंधरा मिनिटं डबल स्टँडवर सरळ राहू द्या. मग चावी बंदच ठेवून दोन-तीन किक हळू मारा. किक नसेल तर टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवून बघा. कुठे अडकलं तर जोर लावू नका, आम्हाला बोलवा. प्लग काढून आत काय आहे ते बघावं लागतं. सगळं मोकळं असेल तर ऑईलची पातळी बघून चालू करा. सुरुवातीचा थोडा निळसर धूर नॉर्मल आहे, थांबलाच नाही तर मात्र गाडी बंद करा.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांपैकी अनेकींत गाडी आडवी झाल्याचं ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. अशी गाडी चालू होत नसेल तर चावी बंद करून, थोडं थांबून पुन्हा लावा. एवढ्याचसाठी टेम्पोत घालून आणलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत.

रस्त्यावर काढण्याआधी ॲक्सिलेटर पिळून सोडा. तो झटकन मागे यायला हवा, मूठ आत दाबली गेली की अडकतो. पुढचा ब्रेक मऊ लागला तर गाडी चालवू नका. हँडल आउट, म्हणजे चाकाच्या रेषेत वाकडं, झालं असेल तर चाक गुडघ्यात धरून पिळणारे गल्लोगल्ली भेटतील. त्याने ते सरळ दिसतं, पण पुढचे शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर) त्यांना धरणाऱ्या चिमट्यात पिळलेलेच राहू शकतात. वाकलेला लिव्हर हातोडीने सरळ करू नका. तो तिथून तडकतो आणि पुढे घाटात तुटतो. नवीन स्वस्त मिळतो.

आरसा-लिव्हरसाठी विम्याचा क्लेम करू नये असं आमचं मत आहे. क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षी 20 टक्के सूट मिळते, ती वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. एका इंडिकेटरपायी ती घालवू नका. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर हा प्रश्नच नाही.

साईड स्टँडखाली चिऱ्याचा चपटा तुकडा ठेवा. पावसाळाभर गाडी डबल स्टँडवरच लावली तर उत्तम.

गाडी आमच्याकडे आणाल तेव्हा कोणत्या अंगावर पडली आणि किती वेळ पडून होती ते सांगा. कुणी पाडली ते नाही सांगितलं तरी चालेल. सेल्फ मारला होता का, तेवढं मात्र खरं सांगा.