कस्टमर सक्सेसचे बजेट: टक्केवारी आली कुठून आणि नागपुरात ती कुठे अडते

कस्टमर सक्सेस म्हणजे विकलेले सॉफ्टवेअर ग्राहकाने नीट वापरावे आणि टिकून राहावे, यासाठीचे काम. सॉफ्टवेअर एकरकमी विकले जायचे तेव्हा या कामाच्या बजेटची गरजच नव्हती. परवान्याचे पैसे आधीच हातात यायचे आणि पुढे दरवर्षी देखभालीचे साधारण १८ ते २२ टक्के. ग्राहक सॉफ्टवेअर वापरतो की नाही, याने विक्रेत्याच्या वर्षाच्या हिशेबात फारसा फरक पडत नसे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हँटिव्ह या अमेरिकी सीआरएम (ग्राहकसंबंध सांभाळण्याचे सॉफ्टवेअर) कंपनीने या कामासाठी वेगळा विभाग काढला, पण ते अपवादच होते.

वर्गणीचे मॉडेल आले आणि गणित उलटले. २००५ च्या सुमारास वर्गणीवर सॉफ्टवेअर विकणाऱ्या सेल्सफोर्सची गळती, म्हणजे सोडून जाणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण, महिन्याला ८ टक्क्यांच्या आसपास होती. ऐकायला आकडा लहान वाटतो, पण १२ महिने तो तसाच चालला तर १०० पैकी जेमतेम ३७ ग्राहक उरतात. नवी विक्री कितीही केली तरी ती या भोकातून वाहून जाणार, हे तिथे उमगले आणि ग्राहक टिकवण्यासाठी स्वतंत्र टीम उभी राहिली. पुढे गेनसाइट, टोटँगो अशी खास साधने आली आणि गुंतवणूकदारांच्या बैठकांत ठोकताळे रूढ झाले: वार्षिक आवर्ती महसुलाच्या (दरवर्षी पुन्हा येणाऱ्या वर्गणीच्या) ८ ते १० टक्के खर्च, किंवा दर २० लाख डॉलर महसुलामागे एक सक्सेस मॅनेजर.

हा दुसरा ठोकताळा नागपुरात जसाच्या तसा लावला की फसतो. २० लाख डॉलर म्हणजे १६ कोटी रुपयांहून जास्त. तो अमेरिकेतल्या करारांच्या किमतीवर बेतलेला आहे. समजा, स्वतःचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या इथल्या एका प्रॉडक्ट कंपनीचा आवर्ती महसूल १२ कोटी आहे आणि ग्राहक ४००. त्या नियमाने ४०० ग्राहकांना एक माणूसही पुरता मिळत नाही.

म्हणून मोजणी ग्राहकांपासून सुरू करावी. वरचे ४० ग्राहक ६ कोटी देत असतील तर २० मागे एक, म्हणजे २ माणसे. मधले १२० ग्राहक ४ कोटींचे. ६० मागे एक, आणखी २. उरलेल्या २४० जणांसाठी १ माणूस, सोबत मराठी-हिंदी व्हिडिओ आणि सामूहिक प्रशिक्षण. पाच जणांचे प्रत्येकी ९ लाख, टीमप्रमुखाचे २० लाख, साधनांचे ६ लाख, आणि बुटीबोरी-हिंगण्यापासून रायपूरपर्यंतच्या फेऱ्यांचे ९ लाख. एकूण ८० लाख, म्हणजे ६.७ टक्के. टक्केवारी इथे ताळा म्हणून वापरायची, सुरुवात म्हणून नाही. याच कंपनीत १ टक्का गळती थांबली की १२ लाख वाचतात. ७५ टक्के ढोबळ नफ्याने ते ९ लाख होतात, म्हणजे एका माणसाचा पूर्ण खर्च.

चुका बहुधा पायाच्या आकड्यात होतात. बिलातला १८ टक्के जीएसटी किंवा इन्स्टॉलेशनची एकवेळची फी महसुलात धरली की बजेट फुगते आणि पुढच्या वर्षी कात्री लागते. त्याहून मोठी अडचण सवयीची आहे. परसोडीचा आयटी पार्क आणि मिहान इथली मोठी कामे मुख्यतः सेवांची. तिथे ग्राहकाला सांभाळणे प्रोजेक्ट मॅनेजरच्या कामातच धरलेले असते आणि त्याचे तास बिलात लागतात. तिथून आलेले लोक प्रॉडक्ट कंपनी काढतात तेव्हा हे काम सपोर्ट डेस्कवर टाकले जाते. सपोर्टवाला तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, आले की हलतो. तीन आठवडे लॉगिन न केलेला ग्राहक तिकीट टाकत नाही, तो थेट रिन्यूअल, म्हणजे कराराचे नूतनीकरण, थांबवतो.

खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, हेही आधीच ठरवावे. ऑनबोर्डिंग (नव्या ग्राहकाला वापर सुरू करून देणे) आणि वापर वाढवण्याचे काम सेवेच्या थेट खर्चात, रिन्यूअल आणि वाढीव विक्रीचे उद्दिष्ट असलेल्यांचा पगार विक्री खर्चात. २०२२ नंतर व्याजदर चढले, गुंतवणूक आटली आणि अनेक कंपन्यांनी रिन्यूअलची जबाबदारीच या टीमकडे दिली, त्यामुळे ही विभागणी आता जास्त महत्त्वाची झाली आहे.

आपल्याकडे बरेच करार आर्थिक वर्षाला धरून मार्च-एप्रिलमध्ये संपतात. नव्या माणसाला ग्राहक ओळखीचे व्हायला तीन महिने तरी लागतात. त्यामुळे या भरतीची तरतूद नव्या वर्षाच्या बजेटमध्ये न ठेवता चालू वर्षाच्या डिसेंबरमध्ये ठेवावी.