विजापूर रस्त्यावरचं पाणी किती लांब असतं?

सोलापुरातून विजापूरला जाणाऱ्या रस्त्यावर उन्हाळ्यात दिसणारं हे पाणी म्हणजे मृगजळ. ते कळायला आधी एक प्रयोग. टेबलावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि त्यावर सपाट बुडाचा काचेचा रिकामा ग्लास ठेवा. बाजूने पाहिलं तर नाणं स्पष्ट दिसतं. आता ग्लास पाण्याने भरा आणि पुन्हा बाजूने पाहा. नाणं गायब! दहावीतल्या भाचीला मी हे करायला लावलं, तेव्हा तिने आधी ग्लास उचलून नाणं जागेवर आहे ना याची खात्री केली. मग तेच नाणं आम्ही बशीत ठेवलं, बुडेल इतकं पाणी घातलं आणि भरलेला ग्लास त्यावर ठेवला. नाणं परत आलं. म्हणजे ते लपवत होती ग्लासच्या बुडाखालची हवेची पातळ फट.

हे समजून घ्यायला क्रांतिक कोन लागतो. एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना प्रकाश वाकतो, ते अपवर्तन. पाठ्यपुस्तकातली व्याख्या बरोबर आहे: घन माध्यमातून विरल माध्यमात (जसं पाण्यातून हवेत) जाताना ज्या आपाती कोनाला, म्हणजे येणाऱ्या किरणाच्या कोनाला, अपवर्तन कोन, म्हणजे बाहेर पडणाऱ्या किरणाचा कोन, ९० अंश होतो, तो क्रांतिक कोन. पाण्यासाठी तो ४८.६ अंश. पण या एका ओळीत खरी गंमत हरवते, असं मला वाटतं. ती आकड्यांत दिसते. पाण्याच्या पृष्ठभागाला काटकोनात एक उभी रेषा कल्पा, तीच स्तंभिका. तिच्याशी ३० अंश करून खालून आलेला किरण हवेत ४१.८ अंशांनी बाहेर पडतो. ४० अंशांनी आलेला ५९ अंशांनी, ४५ अंशांनी आलेला साडेसत्तरने, आणि ४८ अंशांनी आलेला थेट ८२ अंशांनी. आत तीन अंशांची वाढ, बाहेर जवळजवळ बारा अंशांची झेप. ४८.६ला किरण पाण्याला घासूनच निघतो. त्यापुढे बाहेर जायला जागाच उरत नाही. अपवर्तनाचं सूत्र ज्या कोनाचा साइन मागतं तो एकापेक्षा मोठा येतो, आणि असा कोन नसतो. मग सगळा प्रकाश पाण्यातच परततो, हेच पूर्ण आंतरिक परावर्तन.

तोवर परावर्तन मुळीच नसतं असं मात्र नाही. ३० अंशांना सुमारे अडीच टक्के प्रकाश परततो, ४५ला सुमारे चौदा टक्के. शेवटच्या साडेतीन अंशांत हा आकडा शंभरावर पोचतो. घरातला आरसासुद्धा थोडा प्रकाश गिळतो, हा पाण्याचा आरसा गिळत नाही. म्हणून दोन डोळ्यांनी पाहायच्या चांगल्या दुर्बिणीत आरशांऐवजी काचेचे लोलक बसवतात. काचेचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश आहे, हे योहानस केप्लरने १६११ सालीच नोंदवलं होतं. स्नेलला अपवर्तनाचा अचूक नियम सापडला त्यानंतर दहा वर्षांनी!

आता नाण्याचं कोडं सुटतं. प्रकाशाची वाट उलटसुलट सारखीच असते. त्यामुळे हवेतून पाण्यात शिरलेला कोणताही किरण स्तंभिकेपासून ४८.६ अंशांपेक्षा जास्त कलू शकत नाही. नाण्यावरून निघून फटीतून वर आलेले किरण सगळे असे उभट असतात. ते ग्लासच्या भिंतीवर इतके तिरके आदळतात की बहुतेक आतच परततात, आणि जे निसटतात ते फार वरच्या दिशेने जातात. बाजूने पाहणाऱ्याच्या डोळ्यांत एकही येत नाही. फटीत पाणी भरलं की ही अट निघून जाते.

याच नियमाने सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावातल्या माशाचं आकाश ठरतं. पाणी नितळ आणि शांत असेल, तर वरचं सगळं जग त्याला ९७ अंशांच्या एका वर्तुळात कोंबलेलं दिसेल. मासा एक मीटर खोल असेल तर हे वर्तुळ पाण्याच्या पृष्ठभागावर सव्वादोन मीटर रुंदीचं. तलावाच्या मधोमध उभं असलेलं मंदिर, काठ, झाडं हे सगळं वर्तुळाच्या कडेला चेपलेलं. वर्तुळाबाहेर चंदेरी आरसा आणि त्यात तलावाचा तळ. हिऱ्याची लकाकी (२४.४ अंश) आणि इंटरनेट वाहून नेणारी काचेची तार हे सगळं याच घराण्यातलं, पण मला सोलापूरकर म्हणून सांगायचंय ते मृगजळाबद्दल.

मे महिन्यातली दुपार. हवा ४० अंश सेल्सिअस, रस्त्याला चिकटलेली हवा समजा ६५. गरम हवा विरळ, म्हणून तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवते याचं माप) कमी, पण फरक किती? पाचव्या दशांश स्थळावर सुमारे दोनाचा! पाण्याचा १.३३ आणि हवेचा १ यांच्या तुलनेत हे काहीच नाही. म्हणून इथला क्रांतिक कोन ८९.६ अंशांच्याही थोडा पुढे जातो. किरण रस्त्याशी जेमतेम एक तृतीयांश अंश करून आला, तरच तो वर वळतो. तो एका झटक्यात परावर्तित होत नाही, थरामागून थर ओलांडत हळूहळू वाकतो. अंतिम हिशोब मात्र तोच. जे पाणी वाटतं, ते रस्त्याकडून आपल्याकडे वळलेलं आकाश असतं.

आता डोळा जमिनीपासून दीड मीटरवर धरा. नजर रस्त्याला एक तृतीयांश अंशाने भिडते ती सुमारे अडीचशे मीटरवर. त्याच्या अलीकडे पाणी दिसूच शकत नाही. आपण पुढे गेलो की तो कोनही पुढे सरकतो, म्हणून विजापूर रस्त्यावरचं पाणी कितीही गाडी हाणली तरी हाती लागत नाही. एसटीत अडीच मीटर उंचीवरून पाहणाऱ्याला ते चारशे मीटर लांब दिसेल.

भाचीला हे पटेना. मग गेल्या मे महिन्यात गाडी कडेला घेतली, आणि ती रस्त्याच्या बाजूला मातीत उकिडवी बसली. डोळे निम्म्या उंचीवर आले. "मामा, जवळ आलं!" ती ओरडली. मीही शेजारी बसलो.