कृतीत न लिहिलेलं पाणी

जिन सावर या आंबट-गोड कॉकटेलची कृती दोन ओळींत संपते. जिन 60 मिली, ताज्या लिंबाचा रस 25 मिली, साखरेचा पातळ पाक 25 मिली. हौस असेल तर अर्ध्या अंड्याचा पांढरा बलक. बर्फ घालून हलवा, गाळा, प्या. या यादीत पाण्याचं नाव नाही. पण शेवटी पेल्यात जे पडतं, त्यातला चौथा हिस्सा तरी वितळलेला बर्फ असतो. घरचं सावर कधी घशाला चरचरतं, कधी पांचट लागतं, आणि बोल मात्र जिनला लावला जातो. माझ्या मते दहातल्या नऊ वेळा गुन्हेगार बर्फ असतो.

जिनचं आधी उरकून घेऊ. जवळपास बेचव असलेल्या मद्यार्कात ज्युनिपरची निळसर-काळी फळं आणि धणे, लिंबाची साल अशा वस्तू घालून ऊर्ध्वपातन केलं की जिन होते. ज्युनिपरचा तो देवदारी वास मुख्यतः पाइनीन या रेणूचा. ‘ग्रेटर दॅन’ ही जिन 2017 मध्ये गोव्यातून बाजारात आली आणि त्यानंतर इथे जिनचं पेवच फुटलं. ज्युनिपर काही गोव्यात उगवत नाही; पण त्याच मंडळींच्या ‘हपुसा’ या दुसऱ्या जिनमध्ये हिमालयातला ज्युनिपर असतो. साध्या सावरला मधल्या किमतीची कोणतीही जिन चालते. फक्त लेबल बघा: 42.8 टक्के मद्यार्क, आणि शेजारी बारीक अक्षरांत बहुधा ‘25 यूपी’ (अंडर प्रूफ, म्हणजे शंभर प्रूफहून 25 कमी) किंवा ‘75 डिग्री प्रूफ’. जुन्या ब्रिटिश मोजणीत 57.1 टक्के म्हणजे शंभर प्रूफ. त्याच्या पाऊण हिस्सा म्हणजे 42.8. साहेब गेला, त्याचं हे गणित आपल्या बाटल्यांवर राहिलं.

आता बर्फ. मे महिन्यात पणजीतल्या किंवा म्हापशातल्या स्वयंपाकघरात रात्री नऊलाही 30 अंश असतात, म्हणजे जिन, रस, पाक सगळं 30 अंशांवर. चांगलं हलवलेलं सावर उणे 5 अंशांच्या आसपास पोचतं. साधारण 110 ग्रॅम द्रव 35 अंशांनी थंड करायचा, त्याची विशिष्ट उष्मा धारकता (एका ग्रॅमचं तापमान अंशभर बदलायला लागणारी उष्णता) पाण्यापेक्षा थोडी कमी, 0.9 धरू. गुणाकार येतो सुमारे 3,500 कॅलरी. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी शोषतो. शाळेत पाठ केलेला तो अप्रकट उष्मा इथे कामाला येतो. भागाकार केला की 43 ग्रॅम. फ्रीझरमधला बर्फ शून्याच्याही खाली असतो, तो थोडी उष्णता न वितळताच घेतो. उलट शेकरचं, म्हणजे पेय हलवायच्या डब्याचं, स्टीलही थंड करावं लागतं. दोन्हींची साधारण फिटंफाट होते, म्हणून 40 मिली पाणी धरायला हरकत नाही. 110 चे 150 मिली झाले आणि मद्यार्क 17 टक्क्यांवर आला.

बर्फ शून्य अंशाला वितळतो, तर पेय उणे 5 ला कसं गेलं? मटका कुल्फीवाला बर्फात खडेमीठ टाकतो त्याच कारणाने. मिठाऐवजी इथे मद्यार्क आहे. मद्यार्क मिसळलेल्या पाण्याचा गोठणबिंदू खाली सरकतो, आपल्या मिश्रणाचा उणे 7 च्या आसपास. तोवर बर्फ वितळतच राहतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो त्याच द्रवातून ओढून घेतो. थंडावा हवा तर पाणी आलंच. एक घेऊन दुसरं टाळता येत नाही.

मग जिनची बाटलीच फ्रीझरमध्ये ठेवली तर? कल्पना मोहक आहे, आणि उणे 18 ला जिन गोठतही नाही. पण आता बर्फाला थंड करायला उरतात फक्त रस आणि पाक. तो वितळतो जेमतेम 15 ग्रॅम. पेय छान गार, पण मद्यार्क 20 टक्क्यांवर, आंबट-गोडही तितकंच दाट. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं. फ्रीझरातली जिन वापरायचीच असेल तर 25 मिली गार पाणी मोजून घाला. पाणी घालायला लाजणारे लोक मी पाहिलेत. बर्फातून आलेलं पाणी त्यांना चालतं, नळाचं गाळलेलं चालत नाही.

उलट चूक अधिक सर्रास होते. बर्फाचे खडे ताटलीत काढून गप्पा मारत बसायचं. गोव्याच्या दमट हवेत पाच मिनिटांत ते ओले होतात, आणि त्यांच्या अंगावरचं पाणी काहीही थंड न करता फुकट शेकरमध्ये जातं. खडे फ्रीझरमधून थेट शेकरमध्ये टाका, भरपूर टाका. जास्त बर्फ घातला तर पेय जास्त पातळ होईल ही भीती निराधार आहे. वितळण्याचं प्रमाण उष्णतेच्या हिशेबाने ठरतं, खड्यांच्या संख्येने नव्हे. बाजारातली मासळीवरच्या बर्फाची लादी मात्र मासळीलाच राहू द्या.

शेकर नसला तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो. दहा-बारा सेकंद जोरात हलवा आणि डब्याच्या बाहेरच्या बाजूकडे बघा. आधी दव येतं, ते तर गोव्यात कशावरही येतं. मग त्या दवाचा पांढरा, खरखरीत थर होतो आणि बोटं चिकटू लागतात. हिमाचा हा थर म्हणजे धातू शून्याच्या खाली गेल्याची खूण. थर्मामीटर कशाला हवा? यापुढे फार हलवण्यात अर्थ नाही, तापमान आता फारसं उतरत नाही. झाकण उघडताना ते अडून बसेल. आतली हवा 30 अंशांवरून उणे 5 ला आली की तिचा दाब अकरा-बारा टक्क्यांनी घटतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते.

पाण्याने चव मरते असा समज आहे. वासाच्या बाबतीत उलटंही घडू शकतं. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर व्हिस्कीचं प्रतिरूप तयार करून पाहिलं. मद्यार्क जास्त असताना धुराच्या वासाचा ग्वायाकॉल हा रेणू द्रवाच्या पोटात राहतो. प्रमाण 45 टक्के किंवा खाली आलं की पृष्ठभागाशी जमतो, म्हणजे नाकाच्या जवळ. पाइनीन वेगळा रेणू आहे, पण तोही पाण्याशी फटकूनच असतो.

चवीबद्दल एवढंच. जिभेवर गोड ओळखणाऱ्या पेशींतली टीआरपीएम5 नावाची वाहिनी थंडीत मंदावते, त्यामुळे गार पेय कमी गोड लागतं. बर्फ घालण्याआधी चाखलेलं मिश्रण किंचित जास्त गोड लागलं तर बरोबर आहे. साखर थेट टाकू नका, मद्यार्कात ती नीट विरघळत नाही आणि तळाशी वाळूसारखी बसते. समान वजनाचं पाणी आणि साखर गरम करून पाक करा. लिंबू आपलं कागदी चालेल. सालीसकट फार पिळलं तर कडवटपणा उतरतो.

अंड्याचा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. पांढऱ्या बलकात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, उरलेलं बहुतेक प्रथिन, आणि त्यात निम्म्याहून जास्त ओव्हाल्ब्युमिन. हे रेणू गुंडाळी करून बसलेले असतात. हलवताना हवेचे बुडबुडे शिरले की हवा-पाण्याच्या सीमेवर गुंडाळी उलगडते, पाण्याचा तिटकारा असलेली टोकं हवेकडे वळतात आणि शेजारच्या रेणूंना धरून बुडबुड्याभोवती जाळं विणतात. थंडीत हे काम रेंगाळतं, म्हणून आधी बर्फाशिवाय हलवायचं, मग बर्फ घालून. बिनबर्फाच्या फेरीत झाकण हाताने घट्ट धरा. आत थंडावा नसल्याने दाब घटत नाही, झाकण अडत नाही, आणि भिंतीवर जिन उडते. बलक नुसत्या जिनमध्ये टाकून ठेवू नका. तीव्र मद्यार्कात प्रथिनं गोठून पांढऱ्या तारा दिसू लागतात. रस आणि पाक आधी घाला. डबा कालपर्यंत तुपाचा असेल तर फेस विसरा, चरबीचा पुसटसा थरही जाळं तोडतो.

कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जाऊ शकतो, आणि एवढ्याशा मद्यार्काने एवढ्या वेळात तो मरेलच असं नाही. शिवाय सोमवार पाळणाऱ्या घरात अंडं चालत नाही (जिन चालते का, हे मी विचारत नाही). दोन्हींवर उपाय एकच: काबुली चणे मीठ आणि सोडा न घालता शिजवा, वरचं पाणी आटवून बलकाइतकं दाट करा आणि 30 मिली घ्या. त्यातली प्रथिनं आणि सॅपोनिन तसाच पांढरा फेस देतात. चण्याचा वास राहतोच थोडा. वर जायफळ किसलं की झाकतो.

गाळल्यावर मिनिटभरात पेल्यात खाली फिकट द्रव आणि वर फेसाचा थर अशी फाळणी होते. छोट्या बुडबुड्यात दाब जास्त असल्याने त्यातली हवा शेजारच्या मोठ्यात झिरपते. मोठे फुगतात, छोटे संपतात. रेशमी फेस दहा मिनिटांत जाळीदार होतो. म्हणून सावर लवकर प्यायलं जातं, आणि आंबट-गोडाखाली दारू जाणवत नाही. हिशेब मात्र राहतो: 60 मिली जिनमध्ये 20 ग्रॅम मद्यार्क, यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निपटतं. एका पेल्याला दोन ते तीन तास.

जिनच्या जागी काजू फेणी घेतली तर हे सारं गणित तसंच लागू पडतं, कारण बाटलीतली फेणीही बहुधा 42.8 टक्क्यांचीच असते. पाक मात्र माडाच्या काळ्या गुळाचा करा, फेणीच्या उग्र वासापुढे साखर फिकी पडते. हुर्राकाचं, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातल्या हलक्या दारूचं, तसं नाही. ते 15 टक्क्यांच्या आसपास. तेवढाच बर्फ वितळून पेय 6 टक्क्यांवर येतं, गोठणबिंदू उणे दोन-तीनच्या खाली जात नाही, आणि डब्यावर हिम धरायला फार वेळ लागतो. एप्रिलमध्ये हुर्राक मिळालं तर शेकर कपाटातच ठेवा. उंच ग्लासात लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि सोडा पुरे.