नैराश्यरोधक औषधे आणि यकृताचा कर्करोग

नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ, जुनाट अंगदुखी अशा तक्रारींवर दिल्या जाणाऱ्या नैराश्यरोधक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने यकृताचा कर्करोग होतो का, हा औषधशास्त्र आणि साथरोगशास्त्र यांच्या सीमेवरचा प्रश्न आहे. आजवरच्या अभ्यासांत असा धोका वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही शंका लोकांच्या मनातून जात नाही. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाची ओपीडी असो की राजारामपुरीतला खाजगी दवाखाना, गोळ्या लिहून दिल्या की ‘ह्यांनी लिव्हर जातंय म्हंत्यात, खरं का?’ हे ठरलेले असते.

शंका अगदीच हवेतली नाही. पहिल्या नैराश्यरोधकांपैकी एक असलेले इप्रोनियाझिड हे मुळात क्षयावरचे औषध. १९५०च्या दशकात ते घेणाऱ्या रुग्णांची मनःस्थिती सुधारलेली दिसली म्हणून त्याचा वापर नैराश्यावर सुरू झाला, पण यकृतदाहाचे रुग्ण निघू लागल्यावर ते मागे घ्यावे लागले. पुढे नेफाझोडोनचीही तीच गत झाली. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन यांचा विघटनमार्गही यकृतातूनच जातो. थोड्या रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी (यकृतपेशी दुखावल्या की रक्तात वाढणारे विकर) किंचित वाढते आणि बहुधा आपोआप खाली येते. क्वचित कावीळ होते. बहुतेकांत औषध थांबवल्यावर ती ओसरते. मात्र औषधाने यकृताला झालेली इजा आणि कर्करोग यांत मोठे अंतर आहे. यकृतपेशींचा कर्करोग सहसा वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या दाहातून आणि त्यातून झालेल्या सिरॉसिसमधून, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्यातून, उद्भवतो. दोन महिने वाढून खाली आलेल्या एसजीपीटीचा तो मार्ग नव्हे.

प्राण्यांवरच्या चाचण्यांपैकी सर्ट्रालीनची चाचणी नेहमी पुढे केली जाते. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात नोंद आहे की, लहान जातीच्या (माउस) नर उंदरांमध्ये मात्रेनुसार यकृतातील अॅडिनोमा, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठी, वाढल्या. त्याच नोंदीत पुढे म्हटले आहे की माद्यांमध्ये आणि मोठ्या जातीच्या (रॅट) उंदरांमध्ये तसे आढळले नाही, कर्करोगाच्या गाठीही वाढल्या नाहीत, आणि त्या लहान जातीच्या उंदरांत अशा गाठी औषधाविनाही कमीजास्त होतच असतात. व्हॉट्सअॅपवर फिरतो तो फक्त पहिला भाग.

माणसांविषयीची मोठी माहिती तैवानमधून आली. तिथे १९९५ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा योजना आहे, जवळजवळ सगळी लोकसंख्या तीत मोडते आणि प्रत्येक चिठ्ठीची नोंद राहते. शिवाय तिथे हेपॅटायटिस बी, म्हणजे विषाणूमुळे होणारा यकृतदाह, फार, त्यामुळे यकृताच्या कर्करोगाचे रुग्णही पुष्कळ. या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात नैराश्यरोधक घेणाऱ्यांत हा कर्करोग जास्त नव्हे, उलट कमी आढळला. म्हणून या गोळ्या कर्करोगापासून वाचवतात असे म्हणणे मात्र घाईचे होईल. प्रयोगशाळेत सर्ट्रालीन किंवा फ्लुओक्सेटिनने यकृताच्या कर्करोगपेशींची वाढ मंदावल्याचे दिसते, पण बशीतल्या पेशी आणि माणसाचे यकृत यांची बरोबरी करता येत नाही.

अशा नोंदींत चकवे असतात. शिरोळकडचा एखादा ऊस उत्पादक घ्या. भूक मेली, वजन घटले, कशात मन लागेना. घरच्यांना वाटले कर्जाचा घोर, डॉक्टरांनाही नैराश्य वाटले, गोळी सुरू झाली. चार महिन्यांनी सोनोग्राफीत यकृतात गाठ निघाली. कागदावर आधी गोळी आणि मग कर्करोग, प्रत्यक्षात गाठ आधीपासूनच होती. म्हणून चांगल्या अभ्यासात निदानाआधीच्या काही काळातले औषध मोजतच नाहीत. दारूचा चकवा याहून अवघड. नैराश्य असलेल्यांत दारू अधिक, आणि विम्याच्या नोंदीत कोण किती पितो हे नसते. हेपॅटायटिस सीचे गणित तर उलटसुलट होते. त्यावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत, त्यांनी नैराश्य येई, मग नैराश्यरोधक द्यावे लागे. म्हणजे गोळी मिळालेल्या काही जणांना विषाणूवरचे उपचारही मिळालेले असत, आणि कर्करोग टळला असल्यास श्रेय कुणाचे हे सांगणे कठीण.

यकृताच्या कर्करोगाची ठाऊक असलेली कारणे वेगळीच आहेत: हेपॅटायटिस बी व सी, दारू, मधुमेह व स्थूलपणासोबत येणारे चरबीयुक्त यकृत, आणि अफ्लाटॉक्सिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात २.९८ कोटी लोकांना बी आणि ५५ लाखांना सी होता. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष. ओल लागलेल्या भुईमुगात आणि मक्यात ते तयार होते आणि भाजल्याने पुरते जात नाही. शेंगदाण्याच्या कुटाविना ज्या जिल्ह्याची भाजी होत नाही, तिथे बुरसट, कडू दाणे निवडून टाकणे महत्त्वाचे. कोल्हापूर परिसरात ‘कावीळ’ म्हटले की लोकांना आठवते २०१२ची इचलकरंजीची साथ. ती हेपॅटायटिस ईची, दूषित पाण्यातून आलेली होती. जीव तिनेही घेतले, पण हा विषाणू सहसा शरीरात ठाण मांडत नाही आणि कर्करोगाच्या कारणांत त्याची गणना होत नाही. बी आणि सी रक्तातून पसरतात, बी आईकडून बाळाकडेही जातो. बीची लस देशभरच्या नियमित लसीकरणात २०११ पासून आहे.

यकृत आधीच बिघडलेले असेल तर औषध निवडून द्यावे लागते. सिरॉसिसमध्ये मात्रा सहसा कमी ठेवतात; सिटालोप्राम दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. ड्युलोक्सेटिन यकृताच्या जुनाट आजारात आणि भरपूर पिणाऱ्यांत टाळतात. अॅगोमेलाटिन सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक आठवड्यांनी यकृताच्या चाचण्या कराव्याच लागतात. सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, सोबत डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके असली तर आणखी. सिरॉसिसमुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या रुग्णाला याचा धोका खरा. कावीळ ‘उतरवणारे’ झाडपाल्याचे काढे चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगायचे असतात, आणि नेमके तेच सांगायचे राहून जाते. लिव्हरच्या भीतीने गोळी एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, अस्वस्थता येते, पॅरोक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिनमध्ये विशेष. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. सिरॉसिसच्या रुग्णाची दर ६ महिन्यांची सोनोग्राफी सिरॉसिससाठी असते. नैराश्यरोधक चालू असो वा बंद, तिच्या वेळापत्रकात फरक पडत नाही.