प्रिझर्व्हेशन हॉल आणि न्यू ऑर्लिन्सचा पारंपरिक जॅझ

प्रिझर्व्हेशन हॉल हा अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये, सेंट पीटर स्ट्रीटवर असलेला एक छोटासा हॉल. १९६१ पासून इथे जुन्या वळणाचा जॅझ वाजतोय, आणि पारंपरिक जॅझ टिकवणाऱ्या बँडबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी.

या जुन्या जॅझची गंमत म्हणजे सगळे एकदमच सुटलेले असतात. ट्रंपेट किंवा कॉर्नेट (ट्रंपेटसारखंच, थोडं आखूड वाद्य) मूळ चाल धरतं, क्लॅरिनेट वरच्या पट्टीत तिच्याभोवती गिरक्या घेतं, ट्रॉम्बोन खालून सूर घसरवत मधल्या जागा भरतो, बँजो, ट्युबा आणि ड्रम ठेका सांभाळतात, आणि हे सगळं त्या क्षणी सुचेल तसं, त्यामुळे एकमेकांकडे कान नसेल तर नुसता गोंगाट होतो. कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या बँडच्या १९२३ च्या रेकॉर्ड ऐकल्या की हे लगेच कळतं, त्यात दुसरं कॉर्नेट तरुण लुई आर्मस्ट्राँगचं आहे.

१९३० च्या दशकात मंदी आली, पाठोपाठ स्विंगचे, म्हणजे नाचायच्या जॅझचे मोठे बँड आले आणि जुन्या वादकांचं काम आटलं. क्लॅरिनेटवाला जॉर्ज लुईस गोदीत हमाली करायचा. बंक जॉन्सनचे दात गेले होते आणि दाताशिवाय ट्रंपेट वाजवणार कसं, तर जॅझवेड्या अभ्यासकांनी त्याला न्यू आयबेरिया गावात शोधून काढलं, क्लॅरिनेटवादक सिडनी बेशेच्या डेंटिस्ट भावाने त्याला कवळी बसवली आणि १९४२ मध्ये त्याचं पहिलं रेकॉर्डिंग झालं!

पुढे लॅरी बोरेनस्टाइन नावाचा आर्ट डीलर आपल्या गॅलरीत या म्हाताऱ्या वादकांना वाजवायला बोलवायला लागला. १९६१ मध्ये ॲलन आणि सँड्रा जॅफी या जोडप्याने तीच जागा चालवायला घेतली. काळ्या-गोऱ्यांनी वेगळं राहायचं असा दक्षिणेत कायदा होता तेव्हा, तरी इथे ते एकत्र वाजवायचे आणि एकत्र ऐकायचे. स्वीट एमा बॅरेट पियानोवर बसायची, तिच्या पायमोज्यांच्या पट्ट्यांना छोट्या घंटा लावलेल्या असायच्या, पाय हलला की घुंगरांसारखा त्यांचाही ताल ऐकू यायचा. १९६३ पासून हॉलचा बँड दौरेही करायला लागला. हॉलमध्ये मात्र माइक नाही, बार नाही, थोडी बाकं, पुढे जमिनीवर उशा आणि बाकीचे मागे उभे.

माझ्या मते रेकॉर्डपेक्षा या संगीताला जास्त वाचवलं ते रोजच्या कामाने आणि पोरांना शेजारी बसवून शिकवणाऱ्यांनी. बँजोवादक डॅनी बार्करने १९७० च्या सुमारास फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चमध्ये मुलांचा ब्रास बँड उभा केला, त्यातून लेरॉय जोन्ससारखे वादक तयार झाले, पुढे नावाजलेले जॅझवादक भाऊ ब्रॅनफर्ड आणि विंटन मार्सालिसही लहानपणी त्यात होते. हे काम हॉलइतकंच मोठं आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. ब्रिटनचा केन कॉलिअर तर व्यापारी जहाजावर नोकरी करत १९५२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला पोचला, जॉर्ज लुईसच्या साथीदारांबरोबर वाजवलं, व्हिसा संपल्यामुळे तुरुंगातही गेला, आणि ब्रिटनला परतल्यावर तिकडे बँड काढून हीच पद्धत वाजवत राहिला.

ॲलन जॅफी १९८७ मध्ये वारले. आता त्यांचा मुलगा बेन हा हॉल चालवतो आणि वडिलांसारखाच ट्युबा वाजवतो. २००५ च्या कतरिना वादळाने हॉल बंद पडला होता, तो पुढच्या वर्षी परत उघडला, आणि २०१३ मध्ये तर हॉलच्या बँडने पूर्णपणे स्वतःच्या नव्या रचनांचा अल्बम काढला.